जस्ताला रंगाचे तीन हात

उरणजवळच्या आमच्या गावात लोखंड टिकत नाही; लोखंड कसं टिकवावं हे सांगणारी माणसं मात्र भरपूर टिकतात. मी त्यांच्यातलीच एक. हायस्कूलात विज्ञान शिकवते. क्षरणाचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर तेच लिहिते: लोखंड गंजू नये म्हणून काय करावे? एक, त्याला रंग द्यावा. दोन, त्याला जस्ताची जोड द्यावी. मुलं ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहून पूर्ण गुण घेतात आणि घरी जाऊन गंजून आवळलेल्या कडीला लाथ घालून दार उघडतात.

माझं माहेर पालीच्या पुढे, आतल्या गावात. तिथे गोडं पाणी, भाताची शेती. आजोबांची पहार अजून भावाच्या पडवीत उभी आहे, तिला जन्मात कुणी रंग दिलेला नाही आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच आगोटीला सासूबाईंनी माझ्या हातात ब्रश दिला. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे ते पंधरा-वीस दिवस. या दिवसांत तांदूळ, मिरच्या, सुकी मासळी भरून ठेवायची आणि घरात दिसेल त्या लोखंडाला रंग द्यायचा. आधी तारेच्या ब्रशने घासायचं, मग रेड ऑक्साइडचा एक हात, त्यावर ऑइल पेंटचे दोन. खिडक्यांचे गज, फाटक, पंपाचं झाकण, शिवणयंत्राचे पाय. सासूबाईंनी एकदा झोपाळ्याच्या कड्या रंगवल्या आणि त्या वाळायच्या आत सासरे येऊन बसले. त्यांच्या पंजाचा ठसा अजून एका कडीवर आहे. मी सुरुवातीला या सगळ्याला नाक मुरडलं. पुढे सासूबाईंपेक्षा कडक झाले. बाहेरून आलेल्या माणसाला देव लवकर पावतो असं म्हणत नाहीत, पण सोवळं मात्र तोच जास्त पाळतो.

सासूबाई गेल्या आणि घरातली मागची चूल विझली. दुःखाच्या दिवसांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते सासऱ्यांच्या पायांमुळे.

सासऱ्यांनी उभं आयुष्य मिठागरात काढलं. मिठाच्या कोंडीचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो, आणि तो तुडवण्यात त्यांच्या पावलांची जी अवस्था झाली ती कुठल्याही मलमाच्या पलीकडची होती. टाचा दगडासारख्या, आणि त्या दगडाला भेगा. रोज संध्याकाळी सासूबाई चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यातलं कढत पाणी घमेल्यात ओतायच्या, सासरे त्यात अर्धा तास पाय बुडवून बसायचे, मग खोबरेल. एवढं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं पाऊल जमिनीवर टेकायचं. नाही झालं तर भेगा उलायच्या आणि ते भिंत धरून चालायचे.

सकाळी चालत ते जायचे ते बांधावर. मिठागर केव्हाच गेलं, तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेले आहेत. पण गावाच्या खाली खाडीलगत थोडी खाजणजमीन उरली आहे, तिच्या बांधाला उघाडी आहे. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचं दार: ओहोटीला पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. ती बघायचं काम सासऱ्यांना कुणी दिलेलं नव्हतं. ते रोज सकाळी जायचे, फळ्या बघायचे, गाळ बघायचे आणि परत येऊन चहा घेता घेता आम्हाला सगळा वृत्तांत सांगायचे. आम्ही ऐकत नसू. तरी ते सांगायचे. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन बजावलं होतं, की या वयात यांचं चालणं एकदा थांबलं तर परत सुरू होणार नाही.

म्हणजे प्रश्न रोज घमेलंभर कढत पाण्याचा होता. शहाण्या माणसाने गॅसवर पातेलं ठेवलं असतं. पण शहाणपण हे आमच्या घरात पाहुण्यासारखं, येतं आणि चहा घेऊन जातं. विजेचा गीझर आधी होता. आमच्या बोअरिंगचं मचूळ पाणी त्याच्या आतली कॉइल वर्षाच्या आत खाऊन टाकायचं. दुसरा आणला, तोही खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी दुकानदाराने आमच्या गावाचं नाव ऐकलं आणि वॉरंटीचं कार्ड हळूच ड्रॉवरमध्ये परत ठेवलं.

तेव्हा आमचे हे म्हणाले, मी सोलर बनवतो.

हे कंटेनर यार्डात फिटर होते. थंडगार माल नेणाऱ्या कंटेनरांची यंत्रं दुरुस्त करायचे. निवृत्त झाले, पण भंगाराच्या दुकानावरून जाताना यांची मान अजूनही आपोआप वळते, तशी ती माझ्याकडे तरुणपणीसुद्धा कधी वळली नाही. त्यांनी तीन दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला एक इसम टोपी उलटी घालून, सोलर वॉटर हीटर घरच्या घरी, असं ओरडून सांगत होता आणि त्याच्या मागे हिरवेगार डोंगर होते. मी म्हटलं, या माणसाने समुद्र पाहिलाय का ते विचारा. ह्यांनी आवाज वाढवला, मोबाइलचा.

मग भंगारातून जुन्या कंटेनरच्या यंत्रातल्या तांब्याच्या नळ्या आल्या. पडलेल्या टपरीच्या शोकेसची काच आली. एका पत्र्याच्या पेटीत काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर नागमोडी तांब्याची नळी, वरून काच, आणि पेटीच्या वरच्या बाजूला लोखंडी पत्र्याची वेल्डिंग केलेली टाकी. ऊन लागलं की नळीतलं पाणी तापतं, हलकं होऊन टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी खाली नळीत येतं. मोटार नाही, वीज नाही. गच्चीवर हे सगळं उभं राहिलं तेव्हा भावकीतले लोक बघायला आले. जे स्वतःच्या घराचा नळ गळतो म्हणून बादली लावून ठेवतात, त्यांनी पाइपच्या उताराबद्दल सूचना केल्या. फोटो निघाले, ग्रुपवर गेले, अंगठे आले. चुलत दिरांनी तर या विषयावर हे क्लास काढू शकतील असं मत दिलं.

पाणी तापलं, हे मला कबूल करावं लागेल. हात भाजेल इतकं तापलं. सासऱ्यांनी पहिल्या संध्याकाळी घमेल्यात पाय घातले आणि डोळे मिटले. मग त्यांनी ओंजळीत नळाचं पाणी घेऊन जिभेला लावलं. मिठागरातल्या माणसाची ही सवय: पाणी दिसलं की चाखायचं. पूर्वी त्यांना नुसत्या जिभेवर कळायचं, कोंडीतलं पाणी मिठाला आलंय की नाही ते.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी ते पाणी थुंकून म्हणाले, "या पान्याला लोखंडाची चव हाय."

कुणी लक्ष दिलं नाही. म्हातारा माणूस, जीभ बदलते, असं हे म्हणाले. महिन्याभरात बादलीच्या तळाला तांबूस गाळ बसायला लागला आणि मग एके दिवशी टाकीच्या बुडाला मोहरीएवढं भोक पडून गच्चीत पाण्याची धार लागली. ह्यांनी पुट्टी लावली. पुट्टीच्या बाजूला दुसरं भोक पडलं. ह्यांनी आधी पत्र्याला दोष दिला, मग वेल्डरला, मग पाण्याला. स्वतःचा नंबर काही लागला नाही.

आणि इथे मी माझी संधी साधली. खरं सांगायचं तर मी तिची वाटच बघत होते. जेवायला बसलो असताना मी ह्यांना विचारलं, खारं पाणी, एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला लोखंड, याला काय म्हणतात? ह्यांनी भात कालवणं थांबवलं नाही. मी म्हटलं, याला विद्युतघट म्हणतात, सातवीतल्या पोराला माहीत असतं. तुम्ही गच्चीवर टाकी नाही बांधली, बॅटरी बांधलीत. तांबं बसून राहतं आणि लोखंड झिजतं. मग अभिक्रियाशीलता श्रेणी तोंडपाठ म्हणून दाखवली, वरपासून खालपर्यंत. सासरे माझ्याकडे बघत होते. ते मला बाई म्हणतात, शाळेतली पोरं म्हणतात तसं. ते म्हणाले, बाईंना ठावं व्हता तर आदी का नाय बोलल्या? मी म्हटलं, मला कुणी विचारलं नाही. हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा वापरलंय आणि दर वेळी मला ते फार भारी वाटत आलंय.

हे दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून करंजाच्या बंदरात गेले. तिथे यांचा एक जुना मित्र आहे, मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. बोट डागडुजीसाठी वर ओढलेली होती. तिच्या बुडाला, पंख्याच्या जवळ, लोखंडावर करड्या रंगाचे ठोकळे बोल्टने बसवलेले ह्यांनी पाहिले. तांडेलाने सांगितलं की ते जस्त. खारं पाणी पंखा आणि सुकाणू खायला येतं, तर त्याला आधी हे खायला द्यायचं. ठोकळा झिजला की नवा लावायचा. त्या तांडेलाने शाळेचं तोंड चौथीनंतर पाहिलेलं नाही आणि त्याला माझी श्रेणी पाठ नाही. त्याची बोट मात्र तरंगते.

ह्यांनी एक ठोकळा मागून आणला. त्याला मासळीचा वास येत होता. मी तो नाकाला पदर लावून बघितला आणि म्हटलं, आता अंघोळीच्या पाण्याला बोंबलाचा वास येणार. हे हसले नाहीत. नवी टाकी बनवली, जाड पत्र्याची. तांब्याची नळी आणि टाकी यांच्यामध्ये रबरी पाइपचा तुकडा घातला, म्हणजे दोन धातूंची गाठ पडायला नको. आणि टाकीच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, पट्टी वेल्ड करून तिच्यावर तो ठोकळा नट-बोल्टने आवळला. मला बोलावून दाखवलं. मी वरून डोकावले, बरं म्हटलं आणि वह्या तपासायला निघून आले. त्या ‘बरं’मध्ये जेवढा तुच्छपणा बसवता येईल तेवढा बसवला होता.

ती टाकी चालली. थंडी गेली, उन्हाळा आला, बादलीच्या तळाला काही बसलं नाही. सासरे रोज पाणी चाखायचे आणि मान हलवायचे. त्यांच्या टाचा इतक्या मऊ झाल्या की एक दिवस ते उघाडीच्याही पुढे, पार खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आले आणि तिथे कुणीतरी बांधाची माती चोरतंय अशी बातमी घेऊन आले. दोन दिवस ते त्याबद्दल चिडलेले होते आणि फार खुशीत होते.

मग आगोट आली. हे वर्षाचे तांदूळ आणायला पालीला माझ्या भावाकडे गेले आणि भावाने आग्रह केला म्हणून तिथेच राहिले. जाताना सांगून गेले होते, गच्चीवरची टाकी मी आल्यावर साफ करीन. मला सुट्टी होती. आकाशात ढग यायला लागले होते आणि ह्यांचं ‘मी आल्यावर’ म्हणजे काय ते मला लग्नाला तीस वर्षं झाल्यामुळे माहीत होतं. गज झाले, फाटक झालं, पंपाचं झाकण झालं. मग मी रंगाचा डबा घेऊन गच्चीवर चढले. टाकी रिकामी केली, तोंडाचं झाकण काढलं आणि आत बघितलं.

ठोकळ्याची अवस्था वाईट होती. सगळीकडून कुरतडल्यासारखा, वर पांढरी भुकटी, कडा झडलेल्या. मला आधी राग आला तो ह्यांचा. म्हटलं, एवढी एक वस्तू आणली, तिलासुद्धा या माणसाने साधा रंग दिला नाही. उघडी टाकली खाऱ्या पाण्यात. आणि मी बोल्ट काढला, ठोकळा मांडीवर घेतला, तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला. रेड ऑक्साइडचा हात दिला. वाळू दिला. मग फाटकासाठी आणलेला सगळ्यात चांगला राखाडी ऑइल पेंट, त्याचे दोन हात. बोल्टच्या भोकातसुद्धा ब्रश घातला. सासूबाई असत्या तर त्यांनी पाठीवर हात ठेवला असता असं मला वाटलं, आणि मला खरोखर बरं वाटलं. ठोकळा जागेवर आवळला, झाकण लावलं. हे आले तेव्हा स्टँडपासून पाइपापर्यंत सगळं नव्यासारखं दिसत होतं. हे म्हणाले, वा.

मी हे काय केलं ते या वाक्यापर्यंत वाचणाऱ्या कुणालाही कळलं असेल. सातवीतल्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि त्याच वर्षी मी पुन्हा फळ्यावर लिहिलं: एक, रंग द्यावा. दोन, जस्ताची जोड द्यावी. दोन्ही बरोबर. माझी पोरं हुशार, त्यांनी मला कधी विचारलं नाही की बाई, दोनाला एक लावला तर काय होईल.

पावसाळाभर सोलर जवळपास बंदच असतो, पण टाकीत पाणी असतंच. दिवाळीनंतर ऊन तापलं आणि बादलीच्या तळाला पुन्हा तांबूस रेष दिसली. त्याच्याही आधी सासऱ्यांनी पाणी थुंकलं होतं. या वेळी ह्यांनी ऐकलं. गच्चीवर जाऊन टाकीच्या बाहेरून बोटं फिरवत राहिले. ऐन थंडीत जाड पत्र्याच्या टाकीलाही बुडाशी भोक पडलं.

पुढच्या दिवसांत मी जे बोलले ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात. तुमचा तो तांडेल. तुमचा तो बोंबलाचा ठोकळा. त्याने तुम्हाला बनवलं आणि तुम्ही बनलात. पोटापुरतं फिटरकाम येणं वेगळं आणि विज्ञान येणं वेगळं, हे मी चुलत दिरांच्या देखत म्हटलं. चुलत दीर, ह्यांना क्लास काढायला सांगणारे, तेही हसले.  या माणसाने यार्डात वाट्टेल त्या देशाची यंत्रं उघडून दुरुस्त केली होती, त्याला आता वाटायला लागलं की आपल्याला काही येत नाही. मी ते बघत होते. सोलरची काच पुसणं त्यांनी सोडलं. पेटीवर ताडपत्री टाकली. पुन्हा टाकी बनवायचं नाव काढलं नाही, आणि मी काढलं तर म्हणायचे, जाऊ दे, आपल्याला नाही जमत ते.

सासऱ्यांचं पाणी माझ्याकडे आलं. सकाळी डबे, शाळा. संध्याकाळी ट्यूशनची मुलं. मी गॅसवर पातेलं चढवायचे, पाणी कोमट झालं की उतरवायचे, घमेलं त्यांच्या पुढ्यात ठेवायचे ते थोडं आपटूनच. कोमट पाण्याने त्या टाचांचं काय होणार होतं? चार-आठ दिवसांनी ते म्हणायला लागले, बाई, आज नको, पाय बरं हायेत. बरे नव्हते. मोज्यांवरचे रक्ताचे डाग मी धुवत होते. मला ते दिसत होते आणि तरी ते नको म्हणाले की मला सुटल्यासारखं व्हायचं. महिना-दीड महिना असा गेला. आधी ते उघाडीपर्यंत न जाता अर्ध्या बांधावरून परत यायला लागले. मग गल्लीच्या टोकावरून. मग एक दिवस चहाच्या वेळी वृत्तांत आला नाही आणि तो न आल्याचं आमच्यातल्या कुणालाच दोन दिवस कळलं नाही.

संक्रांत झाल्यावर ह्यांनी टाकी भंगारात द्यायची ठरवली. ती खाली अंगणात आणली. रविवार होता. सासरे खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. ह्यांनी पान्याने बोल्ट सोडवून ठोकळा काढला आणि कडेला ठेवला. सासऱ्यांनी हात पुढे करून तो मागितला. मांडीवर उलटा-पालटा केला. मग खिशातला सुपारी कातरायचा अडकित्ता काढून त्याच्या टोकाने एक कोपरा खरवडला. राखाडी रंगाचा पापुद्रा निघाला, खाली तांबडा, आणि त्याखाली जस्त. चकचकीत, जसंच्या तसं, मी घासून ठेवलं होतं तसंच. आठ महिन्यांत त्याला पाण्याने स्पर्शही केला नव्हता.

"याला रंग कोनी दिला?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात रंग कोण देतं हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी दारात उभी होते. ह्यांनी ठोकळ्याकडे बघितलं, मग टाकीच्या बुडाकडे, मग माझ्याकडे.

सासरे चिडले नव्हते. लहान मुलाला समजवावं तसं ते म्हणाले, "बाई, खारा पानी काय ना काय खानारच. हा त्याला खावाला ठेवला व्हता. तुमी यालाच झाकलाव, मंग त्यानं टाकी खाल्ली."

 मला कुणी विचारलं नाही, हे माझं ठेवणीतलं वाक्य या वेळी चालणार नव्हतं. मी ह्यांची वाट बघत उभी राहिले. वाटलं, आता हे बोलतील. चुलत दिरांना बोलावतील, ग्रुपवर टाकतील, मला सातवीतल्या पोरावरून सुनावतील. त्यांचा तो हक्क होता, मीच त्यांना दीड महिना बोलून मिळवून दिलेला. हे उठले, पडवीतून तारेचा ब्रश आणला आणि माझ्या हातात दिला.

म्हणाले, "खरवडून घे. जस्त वाया गेलेलं नाही, आहे तेवढं आहे अजून."

एवढंच. आवाजात काही नव्हतं. त्यांनी टोमणा मारला असता तर मी त्याला उत्तर तरी दिलं असतं. मी अंगणात बसून तो ठोकळा खरवडला, मला दुपारपर्यंत वेळ लागला. ऑइल पेंट चांगल्या प्रतीचा होता, सुटता सुटत नव्हता. खरवडताना मला रडू आलं आणि मी ते टर्पेंटाइनच्या वासावर ढकललं. तोही एक खोटेपणाच.

तिसरी टाकी आठवड्यात उभी राहिली. ती आता दीड वर्षाची आहे आणि बादलीचा तळ स्वच्छ आहे. दर दोन महिन्यांनी झाकण उघडून मी ठोकळा बघते. तो झिजतोय, पांढरा पडतोय, कुरूप दिसतोय, आणि मी त्याला हात लावत नाही. जुना संपला तेव्हा नवा आणायला करंजाला मी स्वतः गेले. तांडेलाने विचारलं, बाई, हा कसा बसवायचा ठावं हाय ना? मी म्हटलं, नाही, सांगा. आणि त्याने सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं, रंग देऊ नका हेसुद्धा. म्हणजे ठोकळ्याला रंग दिला गेला हे ह्यांनी तिथे सांगितलं होतं, कुणी दिला ते मात्र सांगितलं नव्हतं.

पाणी पुन्हा कढत येतं. सासऱ्यांच्या टाचा पुन्हा मऊ झाल्या. पण त्या थंडीत थांबलेले पाय परत चालले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आता ते भिंत धरून फाटकापर्यंत जातात, मी रंगवलेल्या फाटकाला धरून थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात. रोज संध्याकाळी पाणी चाखतात आणि मान हलवतात.

उघाडीवर मी जाते. शाळेच्या आधी, पहाटे उठून. मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही, पण पहिल्या दिवशी परत आले तर सासरे चहा समोर ठेवून थांबले होते. त्यांनी विचारलं, फळीवर पाणी कुठपर्यंत होतं? मी म्हटलं, होतं थोडं. थोडं म्हणजे? डावीकडची फळी फुगलीय का? गाळ काळा की पिवळा? मी म्हटलं, बघितलं नाही. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "येवडी शिकलेली बाई, पन हिला सादा पानी बगाला येत नाय."

हे हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले. आता रोज लिहून आणते आणि चहाच्या वेळी वाचून दाखवते. ते ऐकतात, आणि रोज त्यात काहीतरी चुकीचं निघतं.